1526 म्हणजे केवळ पानिपत नव्हे

इसवी सन 1526 मध्ये हिंदुस्थानात काय घडले, असे शाळेतल्या कोणत्याही हुशार मुलाला विचारावे. उत्तर क्षणात येते : पानिपतची पहिली लढाई, इब्राहिम लोदीचा पराभव, बाबराने घातलेला मोगल सत्तेचा पाया. पूर्ण गुण! मात्र त्याच वर्षी तुंगभद्रेच्या काठी कोण राज्य करीत होते, हा पुढचा प्रश्न विचारला की मूल गप्प होते. आणि बहुधा त्याचे आईवडीलही.

हा पुढचा प्रश्न एका तेलुगू चित्रपटाने विचारला. सिंगीतम श्रीनिवास राव यांचा ‘आदित्य 369’ जुलै 1991 मध्ये प्रदर्शित झाला आणि एप्रिल 2025 मध्ये नव्या झळाळीसह पुन्हा पडद्यावर आला. कमल हासनचा संवादरहित ‘पुष्पक’ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा दिग्दर्शक अपरिचित नाही. ‘आदित्य 369’मध्ये टिनू आनंद यांनी रंगविलेला प्राध्यापक एक कालयंत्र तयार करतो. अमरीश पुरींचा खलनायक हा मौल्यवान पुराणवस्तूंचा चोर. विजयनगरच्या काळातील एका हिऱ्यावर त्याचा डोळा आहे. नंदमुरी बालकृष्ण यांचा नायक आणि नायिका त्या यंत्रातून भूतकाळात जातात. तेथून पुढे ते इ. स. 2504 मध्ये पोहोचतात. तिसऱ्या महायुद्धानंतरच्या किरणोत्सर्गामुळे तेव्हाची माणसे भूमिगत जीवन जगत आहेत. कल्पनेचे मूळ एच. जी. वेल्सच्या 1895 सालच्या कादंबरीत आहे, यात लपविण्यासारखे काही नाही.

पण यंत्र भूतकाळात थांबते कोठे? 1526 मध्ये, विजयनगरला, श्रीकृष्णदेवरायांच्या दरबारी! ज्या सनावळीला आपल्या पाठ्यपुस्तकांनी केवळ बाबराचे नाव चिकटविले, त्याच वर्षी दिग्दर्शकाने यंत्राचा काटा आणून ठेवला. हा योगायोग असेल किंवा नसेल. प्रेक्षकाला मात्र तेथे दिल्ली नव्हे, हंपी दिसते.

आणि विजयनगरचे मोठेपण मान्य करायला तरी कुणा हिंदुत्वनिष्ठाची साक्ष कशाला हवी? साक्ष खुद्द बाबराची आहे. आपल्या आत्मचरित्रात त्याने हिंदुस्थानातील राजांची गणना केली आहे. त्याच्या शब्दांतील ‘काफिर’ राजांमध्ये प्रदेशाने आणि सैन्याने सर्वांत मोठा कोण, तर विजयनगरचा राजा, असे तो लिहितो. राणा संगाचा क्रमांक त्यानंतर लावतो. कृष्णदेवरायांच्या काळात विजयनगरला आलेल्या दोमिंगो पाएस या पोर्तुगीज प्रवाशाला ते नगर रोमएवढे वाटले. 1509 ते 1529 या वीस वर्षांत या राजाने 1520 मध्ये रायचूर जिंकले, तेलुगूत ‘आमुक्तमाल्यदा’ हे काव्य रचले आणि दरबारात अष्टदिग्गज म्हणून गौरविलेले कवी सांभाळले. एवढे असूनही रॉबर्ट सेवेल या इंग्रज अधिकाऱ्याने 1900 साली विजयनगरवर ग्रंथ लिहिला तेव्हा त्याला ‘विस्मृत साम्राज्य’ असे नाव द्यावे लागले. 1565 मध्ये तालिकोटला साम्राज्य मोडले, हे खरे. पण दगडी नगरी उद्ध्वस्त करणारे शत्रू होते; स्मृतीतून तिला पुसण्याचे काम स्वतंत्र भारतातही सुरू राहिले, त्याचे उत्तर कोणी द्यायचे?

एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात विजयनगरवर स्वतंत्र प्रकरण आहे, याकडे सेक्युलर विद्वान बोट दाखवतात. आहेच. परंतु बारावीला इतिहास घेणाऱ्याच्याच हाती ते पडते. अभियांत्रिकी आणि वैद्यकीयच्या रांगेत उभी असलेली मध्यमवर्गीय घरांतील मुले इतिहास शिकतात तो पडद्यावर. आणि पडदा काय शिकवतो? ‘पुकार’ 1939 साली, ‘हुमायूँ’ 1945 साली, ‘शाहजहाँ’ 1946 साली, ‘अनारकली’ 1953 साली, ‘मुगल-ए-आझम’ 1960 साली, मग ‘ताजमहल’, ‘जहाँआरा’ आणि 2008 साली ‘जोधा अकबर’. यांतील काही कलाकृती म्हणून थोर आहेत. नौशादांचे संगीत कोण नाकारील? प्रश्न या चित्रपटांच्या असण्याचा नाही. ज्या मुंबईने एवढी यादी निर्माण केली, तिने विजयनगरची अशी यादी करून दाखवावी. दूरदर्शनने तेनालीरामाच्या गोष्टी घरोघर नेल्या खऱ्या. पण त्यातून उरला तो चतुर विदूषक, साम्राज्य नव्हे.

तेलुगू आणि कन्नड चित्रपटांनी मात्र हा वारसा सोडला नाही. ‘मल्लीश्वरी’ 1951 सालचा, ‘तेनाली रामकृष्ण’ 1956 सालचा, ‘महामंत्री तिम्मरुसु’ 1962 सालचा. या शेवटच्या दोहोंत एन. टी. रामाराव कृष्णदेवराय झाले. 1970 साली कन्नडमध्ये राजकुमार यांनी तीच भूमिका केली, आणि ‘आदित्य 369’मध्ये रामारावांच्या पुत्राने नायकासह कृष्णदेवरायही उभा केला. पित्याने ज्या राजाचे रूप घेतले, ते पुत्राने घ्यावे आणि सामान्य प्रेक्षकाने शिट्ट्या वाजवून त्याचे स्वागत करावे, ही परंपरा जिवंत असल्याची खूण होय.

‘हे पुनरुज्जीवनवादी स्वप्नरंजन आहे’ हा आक्षेप ठरलेलाच आहे. आक्षेप घेणाऱ्यांनी चित्रपट पाहण्याचे कष्ट घ्यावेत. त्यातील विजयनगरात मत्सर आहे, राजनर्तकीचे कारस्थान आहे, परक्या पाहुण्याच्या जिवावर बेतणारा प्रसंग आहे. शिवाय विज्ञानाला देव्हाऱ्यात बसवलेले नाही. 2504 चे भुयारी जग हे अण्वस्त्रांच्या उन्मादाचेच फळ म्हणून दाखवले आहे. स्वप्नरंजन म्हणतात ते हे नव्हे.

परंतु दोष केवळ विरोधकांच्या पदरात टाकून चालणार नाही. कालप्रवासाचा विषय निघाला की आपल्याच बैठकीत कोणीतरी हमखास म्हणतो, ‘यात नवे काय? आमच्या भागवतात आहे.’ आहे, नवव्या स्कंधात. राजा ककुद्मी कन्या रेवतीला घेऊन ब्रह्मलोकी गेला, क्षणभर थांबून परतला, तोवर पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटली होती. कथा विलक्षण आहे. पण ‘आमच्याकडे होतेच’ एवढे म्हणून जो थांबतो, त्याच्या हातून पुढे काहीच घडत नाही. सिंगीतम थांबले नाहीत. कल्पना परकी असली तरी त्यांनी ती निःसंकोच उचलली आणि तिच्यावर स्वार होऊन आपल्या नगरीला गेले. मराठीत हे सामर्थ्य डॉ. जयंत नारळीकरांनी दाखवले. त्यांचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा एका जगात जाऊन पडतात, जेथे पानिपतच्या तिसऱ्या लढाईत मराठे विजयी झाले आहेत. 2025 च्या मे महिन्यात नारळीकर गेले. त्या कथेच्या तोडीचा भव्य मराठी चित्रपट कोणाला आठवतो का?

‘आदित्य 369’चे दुसरे महत्त्व त्याच्या खलनायकात आहे. तो पूर्वजांची ठेव चोरतो. हा चित्रपट आला त्याच 1991 साली लंडनच्या न्यायालयात तमिळनाडूतील पथूरच्या नटराजाच्या दाव्याचा अंतिम निकाल लागला. 1976 साली मातीत सापडलेली ती कांस्यमूर्ती चोरवाटेने परदेशी गेली होती. तेथील मंदिराला दावा चालविण्याचा अधिकार आहे, हे इंग्रज न्यायाधीशांनी मान्य केले आणि नटराज मायदेशी परतला. आपल्याकडे 2019 मध्ये रामलला विराजमान यांच्या बाजूने निकाल लागला, तेव्हा ‘देव कसा वादी होतो?’ असे उपहासाने विचारणाऱ्यांना लंडनचा हा निकाल ठाऊक नसावा.

महाराष्ट्राला तर या विषयात विजयनगरशी जोडणारा धागा आहे. कृष्णदेवरायांनी पंढरीचा विठ्ठल विजयनगरला नेला आणि संत एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला, असे वारकरी परंपरा सांगते. हंपीचे विठ्ठल मंदिर आजही उभे आहे. भानुदासांजवळ कालयंत्र नव्हते, न्यायालयही नव्हते; आपला देव कोठे आहे आणि कोणता आहे, हे ओळखणारी दृष्टी होती.

आज ती दृष्टी कोणाजवळ आहे? सप्टेंबर 2014 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी श्रीपुरंतनचा नटराज आणि वृद्धाचलमचा अर्धनारीश्वर भारताच्या स्वाधीन केले. या मूर्ती चोरीच्याच आहेत, हे सिद्ध होण्यास जुनी छायाचित्रे उपयोगी पडली. ती काढून जपून ठेवली होती पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने. आपल्या गावातल्या देवळाचे असे एक तरी छायाचित्र, तारीख घालून, किती शाखांच्या कपाटात सापडेल?