वही उघडी आहे, वाचतो कोण?

माझे वडील दारव्हा तालुक्यात एका गावी कोतवाल होते. फेरफाराच्या नोंदी वाचायच्या असल्या की आदल्या संध्याकाळी ते दवंडी देत. दुसऱ्या दिवशी चावडीच्या ओट्यावर बसून तलाठी एकेक नोंद मोठ्याने वाचत आणि बहुतेक मंडळी तंबाखू चोळत ऐकल्यासारखे करत. एकदा वारसाची नोंद निघाली. अमुक मयत, त्याच्या जागी मुलाचे नाव. मागून एका म्हातारीचा आवाज आला, "थांबा जी. माहा दीर तं जित्ता हाये. सकाळीच चहा पिऊन गेला." अख्खी चावडी हसली, तलाठ्यांनी पेन खाली ठेवले आणि नोंद तिथेच अडली.

मी आता आर्णी भागात सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा यावर माझे पोट. त्यामुळे डिसेंबर 2025 मध्ये शेंदुरसनीची बातमी आली, तेव्हा सकाळच्या पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारले, "भाऊ, तुमचा कागद तरी खरा ना?" आर्णी तालुक्यातली ही ग्रामपंचायत, वस्ती जेमतेम दीड हजाराची. तिच्या नावावर जन्म-मृत्यू नोंदणीच्या सरकारी प्रणालीत सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत 27 हजारांवर जन्म चढले होते. एवढ्याशा गावात रोज तीनशे बारशी! ऑक्टोबर 2023 पासून नव्या कायद्याने शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मदाखल्याचे वजन किती वाढले आहे, हे माझ्यासारख्या दुकानदाराला सांगायला नको.

गुन्हा दाखल झाला, तपास व्हायचा तो होईल. मला खुपते ते हे की आकडा तीन महिने फुगत राहिला आणि तो चावडीवर कुणी वाचून दाखवला नाही.

अशीच खोटी प्रमाणपत्रे वेबसाइटच्या जगातही निघतात, आणि तिथे शोधलेला उपाय आपल्या चावडीच्या फार जवळचा आहे. तुम्ही मोबाइलवर बँकेची साइट उघडता तेव्हा ब्राउझर आधी तिचे प्रमाणपत्र तपासतो. समोरची साइट खरोखर त्याच नावाची आहे, अशी ग्वाही त्यात असते. ती देणाऱ्या संस्था जगभर अनेक आहेत, आणि गोम अशी की त्यांतली कुठलीही संस्था कुठल्याही नावाचे प्रमाणपत्र देऊ शकते. एक जरी फुटली, तरी भामटा बँकेच्या नावाने पाटी लावून बसू शकतो आणि ब्राउझर मान डोलावतो.

हे परदेशातच घडते असे नाही. 2 जुलै 2014 रोजी गुगलच्या लक्षात आले की आपल्या साइटच्या नावांची बनावट प्रमाणपत्रे निघाली आहेत, आणि ती निघाली होती भारत सरकारच्या एनआयसी या संगणक-सेवा संस्थेकडून. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली अशा संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सीसीए कार्यालयाने दुसऱ्याच दिवशी कारवाई केली. एनआयसीची प्रक्रिया भेदली गेली होती आणि खोटी प्रमाणपत्रे चारच, तीन गुगलची आणि एक याहूचे, असे त्या कार्यालयाने सांगितले. गुगल म्हणाले, आम्हाला याहून जास्त ठाऊक आहेत. चार की जास्त? पडताळायला, प्रत्येक प्रमाणपत्र चढलेच पाहिजे अशी सगळ्यांसमोर उघडी वही तेव्हा नव्हती. शेवटी क्रोमने या भारतीय साखळीचा विश्वास मोजक्या सात डोमेनपुरता आवळला.

तशा वहीचा आराखडा गुगलमधल्या बेन लॉरी, अ‍ॅडम लँगली आणि एमिलिया कास्पर यांच्या नावे जून 2013 मध्येच प्रसिद्ध झाला होता. सक्ती व्हायला मात्र वेळ लागला. 30 एप्रिल 2018 नंतर दिलेले प्रमाणपत्र अशा जाहीर वहीत चढल्याची पोच बरोबर नसेल, तर क्रोम ते मानत नाही. या वहीत फक्त भर घालता येते. प्रत्येक नव्या नोंदीचा हिशेब आधीच्या सगळ्या नोंदींवर उभा असतो, त्यामुळे मधले पान फाडले तर पुढचे गणित जुळत नाही. आणि ती कुणीही फुकट वाचू शकतो.

मी वाचली. गावातल्या एका शिक्षण संस्थेची वेबसाइट मी सांभाळतो. गेल्या उन्हाळ्यात दुपारी लाइट यायची वाट बघत होतो, तेव्हा मोबाइलवर त्या वहीत साइटचे नाव टाकले. दर दोन महिन्यांची नूतनीकरणे ओळीने दिसली, आणि मधेच एक नोंद 'प्रवेश' नावाच्या उपसाइटची. ती मी कधी काढलीच नव्हती. चौकशी केली तेव्हा कळले की साइट आधी बनवणाऱ्याकडे जुना पासवर्ड तसाच राहिला होता आणि त्याने काही तरी करून बघितले होते. चोरी नव्हती, हलगर्जी होती, आणि तीत माझाही वाटा होता. नोंद चार महिन्यांपूर्वीची होती. चार महिने ती माझ्यासाठी तिथे उघडी पडून होती.

म्हणून कुणी विचारले की अशा वहीने बनावट प्रमाणपत्रे थांबतील का, तर माझे उत्तर 'नाही' असे आहे. फेरफारात नोटीस लागते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. इथे तसा थांबा नाही. पोच हातात पडली की प्रमाणपत्र चालू, आणि हरकत घेणारा पोहोचेपर्यंत चोर दुकान थाटून मोकळा. शिवाय भामट्याने बँकेच्या नावात एखादे अक्षर बदलून स्वतःचेच डोमेन घेतले, तर वही तेही इमानाने लिहून घेते. त्यावरचा इलाज वेगळा. बँकांनी 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या राखीव नावाखाली यावे, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता तो त्यासाठीच.

वही एवढेच करते, की झालेली गोष्ट झाकू देत नाही. तेही कुणी पान उलटले तर. क्रोएशियातल्या फिना या संस्थेने क्लाउडफ्लेअर कंपनीच्या 1.1.1.1 या पत्त्याची 12 प्रमाणपत्रे कंपनीला न विचारता काढली. फेब्रुवारी 2024 ते ऑगस्ट 2025 असा हा प्रकार चालला. नोंदी जाहीर वहीत होत्या. क्लाउडफ्लेअर स्वतः अशा वह्या चालवते, तरी सप्टेंबर 2025 उजाडेपर्यंत तिला पत्ता नव्हता. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर आमच्या पतसंस्थांचे काय घेऊन बसलात?

तेव्हा माझे मागणे दोन. जिल्ह्यातली प्रत्येक बँक, पतसंस्था, नगरपालिका आणि महाविद्यालय यांनी आपल्या साइटच्या नावाने नवे प्रमाणपत्र निघाले की ईमेल येईल अशी सोय करावी. ती फुकट मिळते. फक्त तो ईमेल कुणी वाचायचा, त्या माणसाचे नाव ठरलेले असावे.

दुसरे मागणे जन्मदाखल्यांचे. बाळांची आणि आईबापांची नावे उघड्यावर मांडा, असे मी म्हणणार नाही. साइटचे नाव मुळातच जगजाहीर असते, लेकराचे नसते. पण नुसत्या आकड्यात कुणाचे गुपित आहे? या महिन्यात या ग्रामपंचायतीत इतके जन्म नोंदले, त्यांतले इतके उशिराचे, एवढी एक ओळ फलकावर लावायला काय हरकत आहे?

आणि फलकावर थांबू नये. 26 जानेवारीच्या, 1 मेच्या ग्रामसभेत ग्रामसेवकाने तो आकडा मोठ्याने वाचावा. आशाताई तिथे बसलेल्या असतात. गावात कुणाच्या घरी पाळणा हलला, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक? आकडा खरा असला तर त्या नुसत्या मान हलवतील. नसला, तर मागून आवाज येईल, "थांबा जी."