गुल बर्धन म्हणजे फक्त ‘शांतीदांच्या पत्नी’?

लिटल बॅले ट्रूप कुणाचा, असं विचारलं की माहितगार माणूस लगेच सांगतो, शांती बर्धन यांचा. बरोबर आहे, पण अर्धंच. १९५२ साली मुंबईत ही संस्था उभी राहिली तेव्हा संस्थापकांत गुल बर्धनही होत्या. दोनच वर्षांत, १९५४ मध्ये शांतीदा क्षयाने गेले. गुलताई तेव्हा पंचविशीच्या आसपास. त्यानंतर २०१० मध्ये जाईपर्यंत, म्हणजे तब्बल ५६ वर्षं त्यांनी ट्रूप सांभाळला. दोन वर्षांचा इतिहास पाठ आणि ५६ वर्षांना एक ओळ, ‘पत्नीने वारसा जपला’. हा कुठला हिशोब?

बॅले म्हटलं की पंजांवर तोललेल्या पांढऱ्या झग्यातल्या मुली डोळ्यांसमोर येतात. हा तो बॅले नाही. यांच्या ‘रामायणा’त माणसं कठपुतळ्या होऊन नाचतात. चेहऱ्यावर मुखवटा, सांधे ताठ, कुणीतरी वरून दोरी ओढल्यासारखी प्रत्येक हालचाल. ‘पंचतंत्रा’त तीच माणसं पशुपक्षी होतात.

आता कुणी म्हणेल, अहो, मूळ कल्पना शांतीदांची, मग श्रेय त्यांनाच ना! कल्पनेचं श्रेय त्यांचंच, वादच नाही. पण नाटकाची संहिता छापून कपाटात ठेवता येते, सिनेमाची रीळं डब्यात राहतात. नाच कुठे ठेवणार? तो नाचणाऱ्याच्या अंगात असतो. नाचणारे थकतात, लग्नं करून जातात, नोकरीला लागतात. मग नव्या पोरांना पहिल्यापासून शिकवायचं, मान किती वळवायची, हात कुठे थांबवायचा. हे पिढ्यान् पिढ्या करत राहणं म्हणजे नुसती राखण नव्हे, ती निर्मितीच आहे. बाई करते म्हणून आपण तिला ‘सांभाळणं’ म्हणतो, एवढंच. घरातल्या कामाला म्हणतो तसं!

हे सगळं एकटीनं केलं असं मी म्हणत नाही. प्रभात गांगुलींसारखे नृत्यदिग्दर्शक सोबत होते. पण संस्थेचा डोलारा गुलताईंच्या खांद्यावर होता. शांतीदांवरचं पुस्तकही त्यांनीच संपादित केलं. दुसऱ्याचं नाव टिकावं म्हणून इतकं झटणाऱ्या बाईचं नाव टिकवायचं कुणी?

आणि आपली मुंबई? इप्टाच्या चळवळीतून आलेल्या कलावंतांचा हा ट्रूप इथे जन्मला, १९६४ मध्ये ग्वाल्हेरला गेला, पुढे भोपाळला स्थिरावला. २०१० मध्ये गुलताईंना पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या भोपाळमध्ये गेल्या. त्यांचा जन्मही मुंबईचाच. आपण मात्र सांस्कृतिक राजधानी म्हणून मिरवायला मोकळे!

पुतळे नकोत, चौकांना नावंही नकोत. विद्यापीठांच्या नृत्य विभागांनी गुल बर्धन हे नाव अभ्यासक्रमात स्वतंत्रपणे घ्यावं, कुणाच्या तळटीपेत नको. आणि त्या मुंबईच्या दिवसांत ट्रूपमध्ये नाचलेलं कुणी तुमच्या घरात, शेजारात असेल, तर ती माणसं आज ऐंशी-नव्वदीत असतील. मोबाईल समोर ठेवा आणि त्यांना बोलतं करा. या आठवड्यातच. नाच अंगात असतो, आणि अंग कायमचं नसतं.