ब्लड ग्रुप बघून डाएट केलं की वजन उतरतं का? उतरू शकतं, पण कारण वेगळंच आहे

रक्तगट बी असेल तर चपाती बंद. ए असेल तर मटण बंद. ओ असेल तर मटण बिनधास्त खा, पण कडधान्यं टाळा. असे रील्स तुमच्याही फीडमध्ये येऊन गेले असतील. खाली 'माझं वजन उतरलं' असं सांगणाऱ्या कमेंट्सही असतात. ते सगळे खोटं बोलतात असं मानायचं कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की वजन उतरलं ते रक्तगटामुळे का?

ही कल्पना आली कुठून?

अमेरिकेतले निसर्गोपचारतज्ज्ञ पीटर डी'अॅडामो यांचं 'ईट राइट फॉर युवर टाइप' हे पुस्तक १९९६ साली आलं आणि जगभर तुफान खपलं. त्यांचं म्हणणं असं की ओ हा सर्वात जुना, शिकारी माणसांचा गट, म्हणून त्याला मांस मानवतं. ए शेतकऱ्यांचा, म्हणून शाकाहार. बी भटक्या पशुपालकांचा, म्हणून दूधदुभतं. एबी म्हणजे दोन्हींची सरमिसळ.

गोष्ट ऐकायला छान आहे, पण जनुकशास्त्राशी जुळत नाही. ओ गटाचं जनुक हे ए प्रकारच्या जनुकात बदल होऊन तयार झालेलं आहे. शिवाय ए आणि बी हा फरक माणूस आणि गिबन माकड या दोघांच्या समान पूर्वजांपासून चालत आलाय, असं २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. म्हणजे शेती सुरू होण्याच्या लाखो वर्षं आधीपासून हे गट आहेत.

आणि आपल्या मुंबईचं काय? १९५२ साली डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'बॉम्बे ब्लड ग्रुप' जगासमोर आणला. हा दुर्मिळ गट साध्या तपासणीत ओ सारखाच दिसतो, पण ओ गटात असणारा एच अँटिजेनही त्यात नसतो. त्यांना शिकारी म्हणायचं की आणखी काही?

लेक्टिनचा मुद्दा

डी'अॅडामो यांचा दुसरा दावा असा की अन्नातली लेक्टिन नावाची प्रथिनं चुकीच्या रक्तगटाच्या पेशींना चिकटतात आणि त्रास देतात. लेक्टिन खरंच असतात. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन तर पोट चांगलंच बिघडवतं, पण ते कोणत्याही रक्तगटाच्या माणसाचं. म्हणूनच राजमा भिजवून, नीट उकळून खातात. तसं शिजवलं की त्यातलं बहुतेक लेक्टिन निकामी होतं.

मग वजन कसं उतरतं?

याचं सर्वात चांगलं उत्तर कॅनडातून मिळालं. टोरंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी १,४५५ जणांचा आहार आणि रक्तगट तपासला. हा अभ्यास २०१४ साली आला. ए गटासाठी सांगितलेल्या आहाराच्या जवळ जाणारं खाणाऱ्यांचा बीएमआय आणि कंबरेचा घेर कमी होता. पण त्यांचा स्वतःचा रक्तगट ए आहे की नाही, याने काहीच फरक पडला नाही! भाज्या-फळं जास्त असलेला आहार सगळ्यांनाच लागू पडत होता.

अमेरिकेत ६८ जणांना १६ आठवडे कमी तेलाचा, पूर्ण वनस्पतीजन्य आहार दिला. तिथेही ए गटवाल्यांचं वजन इतरांपेक्षा जास्त उतरलं नाही. त्याआधी २०१३ साली बेल्जियमच्या संशोधकांनी १,४१५ संदर्भ चाळले, तेव्हा निकषात बसणारा एकच अभ्यास सापडला. तोही ए-बी-ओ गटांवर नव्हता, एमएनएस या वेगळ्याच रक्तगटपद्धतीवर होता.

थोडक्यात, कोणतीही यादी पाळायला लागलात की बिस्किटं, फरसाण, कोल्ड्रिंक, मैदा आपोआप मागे पडतात. पोटात कॅलरी कमी जातात. वजन त्यामुळे उतरतं आणि श्रेय मात्र रक्तगट घेऊन जातो.

'फायदा होतोय ना, मग बिघडलं काय?'

बिघडतं ते यादीत. भारतात बी गटाची माणसं तुलनेने जास्त आहेत. या गटाला पुस्तकात काय वर्ज्य सांगितलंय बघा: गहू, मका, मसूर, शेंगदाणे, तीळ, टोमॅटो आणि चिकनसुद्धा. म्हणजे भाजीतला दाण्याचा कूट गेला, मसुराची आमटी गेली, संक्रांतीचा तीळगूळही गेला. मराठी घरातली स्वस्त आणि चांगली प्रथिनं एका फटक्यात ताटाबाहेर. त्यांच्या जागी येणारी पावडर किंवा सप्लिमेंट विकायला कोणीतरी असतंच.

रक्तगटाचा आरोग्याशी काहीच संबंध नाही, असं मात्र नाही. ओ गटाच्या लोकांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका इतरांपेक्षा कमी असतो, पण कॉलरा झालाच तर तो जास्त तीव्र होऊ शकतो. जेवणाच्या ताटाशी मात्र असा संबंध कुठल्याच अभ्यासात दिसलेला नाही.

तरीही यादी करून बघायचीच असेल, तर मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी पोळी-भात अचानक बंद करू नये. औषधाचा डोस तोच आणि जेवण निम्मं, असं झालं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी ओ गटाचा मांसाहारी आहार सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. गरोदर बायकांनीही डाळी, दूध सोडण्याआधी तेच करावं.