जपानी कुंचल्यातला कुंभकर्ण

नंदुरबारच्या मंगळ बाजारात असो वा शहाद्याच्या पेठेत, दुपारी गिऱ्हाईक ओसरले की गल्ल्याशेजारी बसलेले शाळकरी मूल मोबाइलवर जे पाहत असते ते पुष्कळदा जपानी असते. मोठाले डोळे, रंगीत केस, हवेत झेपावणारे योद्धे आणि प्रत्येक लढाईआधी एक लांबलचक भाषण. ॲनिमे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अद्भुतरम्य चित्रमालिकांविषयी घरातील वडीलधाऱ्यांचे मत सहसा न पाहताच ठरलेले असते. मुले मात्र त्यांचे मूल्यमापन मोठ्या गांभीर्याने करतात. कथेला किती गुण, चित्राला किती, ध्वनीला किती, असे तीन रकाने त्यांच्या मनात तयार असतात. हेच तीन रकाने घेऊन एखादी अशी जपानी कलाकृती तपासावी, जिची कथा आजी-आजोबांना नातवंडांपेक्षा अधिक ठाऊक आहे, तर घरातील चर्चा बरोबरीच्या पातळीवर होऊ शकेल. अशी एक कृती उपलब्ध आहे. ती मालिका नव्हे, १३५ मिनिटांचा चित्रपट आहे : ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’.

युगो साको हे जपानी निर्माते १९८३ साली भारतात आले ते एका माहितीपटासाठी. पुरातत्त्वज्ञ डॉ. बी. बी. लाल यांचे अलाहाबादजवळ उत्खनन चालू होते, त्यावरील तो माहितीपट होता. त्या निमित्ताने रामकथेशी परिचय झाला आणि साको यांनी तिच्या दहा जपानी आवृत्त्या वाचून काढल्या. माणसाचे शरीर घेऊन वावरणारे देव आणि डोंगर उचलणारा वानर हे नटांकडून करवून घेण्यापेक्षा रेखाटलेलेच बरे, असे त्यांच्या मनाने घेतले. आपल्याकडे प्रारंभी विरोध झाला. परकीयाने आमच्या पूज्य ग्रंथाचे ‘कार्टून’ करावे, ही कल्पना अनेकांना रुचली नाही. अखेर पैसा जपानमध्ये उभा राहिला आणि दिग्दर्शनात कोइची सासाकी व मुंबईचे राम मोहन हे साको यांचे सहकारी झाले. १९९३ च्या जानेवारीत दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात चित्रपट दाखवला गेला. परंतु अयोध्येच्या प्रश्नावरून देश तापलेला असताना त्याच्या व्यापक प्रदर्शनाला वाव राहिला नाही. आज तिशी-चाळिशीत असलेल्या पिढीने तो पाहिला तो दूरचित्रवाणीवरील मुलांच्या वाहिनीवर. २४ जानेवारी २०२५ रोजी, जवळपास बत्तीस वर्षांनी, स्वच्छ केलेल्या नव्या प्रतीसह तो भारतातील चित्रपटगृहांत आला.

प्रथम चित्राचा रकाना, कारण चित्रपटाची खरी पुंजी तेथेच आहे. सुमारे ४५० कलावंत आणि हाताने रंगवलेली जवळपास एक लाख पारदर्शक चित्रे, असा त्याचा पसारा सांगितला जातो. येथे थोडा हिशेब करण्यासारखा आहे. चित्रपटाच्या एका सेकंदाला २४ चौकटी लागतात. १३५ मिनिटांच्या १,९४,४०० चौकटी होतात. एक लाख चित्रांत हे भागवायचे तर सरासरीने एक चित्र दोन चौकटी टिकले पाहिजे, आणि एकाच चौकटीत अनेक चित्रे एकावर एक ठेवली जात असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही अधिक. हिशेब ढोबळ आहे, पण जपानी पद्धतीचे मर्म त्यातून उलगडते. हे चित्रकार सतत हालचाल करवीत नाहीत. पात्र स्थिर उभे राहते, मागचे रंगवलेले अरण्य संथपणे सरकते, डोळ्याची एक पापणी लवते. काटकसरीतून आलेल्या या स्थिरतेलाच त्यांनी सौंदर्य बनवले. व्यापारी घरांना हे पटायला अवघड जाऊ नये.

दंडकारण्याचे धुके आणि लंकेचे प्रासाद ही पार्श्वचित्रे थांबवून पाहण्याजोगी आहेत. त्याहून कौतुकाची गोष्ट म्हणजे वेशभूषा आणि शिष्टाचार. धोतर कसे नेसतात, वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद घेताना मूल कसे वाकते, हे भारतीय कलावंतांनी जपानी सहकाऱ्यांना शिकवले. यांत एक निरी चुकली असती तर ती येथील प्रत्येक आजीच्या डोळ्यांत खुपली असती. राम मोहन यांचे यातील श्रेय मोठे आहे. फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागातून घडलेला हा कलावंत, ‘भुवन शोम’ आणि ‘शतरंज के खिलाडी’ या चित्रपटांतील रेखाटलेले भाग ज्याच्या हातचे, त्याला २०१४ साली पद्मश्री मिळाली आणि २०१९ मध्ये त्याचे निधन झाले. त्याचे नाव आपल्या मुलांना ठाऊक नसते, जपानी चित्रकारांची मात्र पाठ असतात.

ध्वनीच्या रकान्यात मोठे नाव वनराज भाटिया यांचे. लंडन आणि पॅरिस येथे पाश्चात्त्य संगीताचे रीतसर शिक्षण घेऊन आलेला हा मुंबईकर संगीतकार ‘तमस’च्या संगीतासाठी राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरी ठरला होता. मूळ इंग्रजी आवृत्तीतील गीते संस्कृत आहेत आणि ती वसंत देव यांची; हिंदी आवृत्तीसाठी वेगळी हिंदी गीते रचली गेली. ज्याला दोन्ही आवृत्त्या ऐकण्याची संधी मिळेल त्याने संस्कृत गीते अवश्य ऐकावीत. शब्द कळो न कळो, समूहस्वरांत प्रार्थनेचे गांभीर्य उतरते. हिंदीतील सेतुबंधनाचे गीत मुलांना लगेच आवडेल, पण त्याची चाल चित्रपटाच्या शांत प्रकृतीला किंचित उथळ करते. नव्वदच्या दशकातील हिंदी आवृत्तीत रामाला अरुण गोविल यांचा आणि रावणाला अमरीश पुरी यांचा आवाज होता. दूरदर्शनवरील ‘रामायण’ ज्यांनी रविवारी सकाळी दुकान उशिरा उघडून पाहिले, त्यांना तो पहिला आवाज वेगळा ओळखावा लागणार नाही.

कथेच्या रकान्यात मात्र हात आखडावा लागतो. विश्वामित्रांच्या मागणीपासून अयोध्येच्या परतीपर्यंतचा सारा प्रवास सव्वादोन तासांत बसवायचा म्हणून वनवासापूर्वीचा भाग घाईने उरकला आहे. कैकेयीच्या मनातील वादळाला पुरेसा अवधी मिळत नाही. सीतेला सौंदर्य दिले, सहनशीलता दिली, पण वाव थोडा दिला. अग्निपरीक्षा आणि उत्तरकांड टाळले आहे. मुलांसाठी ते सोयीचे, कथेसाठी नव्हे. उत्तरार्ध बहुतांशी युद्धाने व्यापला आहे, आणि त्यात सर्वांच्या स्मरणात राहतो तो कुंभकर्ण.

त्याचा आकार दाखवताना चित्रकारांनी आपले सर्व कसब पणाला लावले आहे. सैन्य त्याच्यापुढे मुंग्यांच्या रांगेसारखे दिसते. त्याचे पाऊल सावकाश पडते, आणि त्या सावकाशीमुळेच त्याचे वजन जाणवते. तो कोसळतो तेव्हा लहान मुले श्वास रोखतात. आणि नेमके येथेच नंदुरबार जिल्ह्यातील जैन घरातील मूल असा प्रश्न विचारू शकते, जो टोकियोतील किंवा मुंबईतील मुलाच्या मनात सहसा येणार नाही. हा तोच का, ज्याच्या सिद्धक्षेत्री मागच्या वर्षी यात्रेला नेले होते?

प्रश्न बिनतोड आहे. शहाद्याहून खेतिया, पानसेमल मार्गे बडवानी गाठले की सातपुड्यात चूलगिरी उभा आहे, बावनगजाच्या ८४ फुटी आदिनाथांचा डोंगर. निर्वाणकांडानुसार इंद्रजित आणि कुंभकर्ण यांनी येथून मोक्ष मिळवला. उलट दिशेला, साक्री आणि पिंपळनेरवरून ताहाराबादकडे उतरले की बागलाणात मांगीतुंगीची जोडशिखरे दिसतात. तेथून राम, हनुमान, सुग्रीव, गवय, गवाक्ष, नील, महानील आणि नव्व्याण्णव कोटी मुनी सिद्ध झाले, अशी दिगंबर परंपरेची श्रद्धा आहे. तुंगीवर रामचंद्रांच्या नावाची गुंफाही आहे. श्वेतांबर घरांत रामाच्या निर्वाणस्थानाविषयी वेगळी परंपरा सांगितली जाते, हे खरे. तथापि रामकथेतील विजेते आणि पराजित या दोघांचीही सिद्धक्षेत्रे जिच्या दोन बाजूंना आहेत, अशी भूमी या जिल्ह्यातील कुटुंबांच्या वाट्याला आली आहे, आणि यात्रेला जाताना त्या दोन्ही ठिकाणी माथा टेकवला जातो.

विमलसूरींचे ‘पउमचरिय’ हे जैन रामकथेचे प्राचीन काव्य. ते महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेत. त्याच्या प्रारंभी मगधनरेश श्रेणिक गौतम गणधरांना जे विचारतो ते एखाद्या चौकस नातवाला शोभेल असे आहे. बलाढ्य राक्षसांना वानरांनी जिंकले कसे? सहा महिने झोपणारा कुंभकर्ण कानांत तेलाचे घडे ओतले तरी उठत नसे, हे खरे मानावे काय? गौतमस्वामींच्या उत्तरातून जी कथा उलगडते तीत वानर हे पशू नाहीत. ध्वजावर वानराचे चिन्ह धारण करणारे विद्याधर मानव आहेत. रावणाची दहा मुखे म्हणजे गळ्यातील हाराच्या रत्नांत उमटलेली त्याच्याच मुखाची नऊ प्रतिबिंबे. सुवर्णमृगाची शिकार तेथे नाहीच. सिंहनादाच्या फसव्या संकेताने रामाला दूर नेले जाते. कुंभकर्ण आणि इंद्रजित युद्धात मरत नाहीत. ते बंदी होतात, रावणाच्या मृत्यूनंतर मुक्त होतात, आणि राज्याकडे न वळता दीक्षा घेतात.

सर्वांत मोठा भेद रावणवधाचा आहे. चित्रपटात रामाच्या बाणाने रावण पडतो. जैन परंपरेत राम हे बलदेव; त्यांच्या हातून हा वध होत नाही. रावणाने फेकलेले चक्र लक्ष्मणाला इजा न करता त्याच्याच हाती येऊन स्थिरावते आणि त्या चक्राने रावणाचा अंत होतो. कर्माचा हिशेब मग कोणालाही सोडत नाही. वध करणारा लक्ष्मण आणि मारला गेलेला रावण, दोघेही नरकगतीला जातात. राम दीक्षा घेऊन मोक्षाला जातात. आणि रावणाचा जीव पुढे कधीतरी तीर्थंकर होणार आहे. शत्रूच्या हातून सुटलेले चक्र परत फिरते तो क्षण या जपानी चित्रकारांच्या हाती पडला असता, तर त्यांनी त्या शांततेचे काय केले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. हालचाल थांबवून अर्थ उभा करण्याची विद्या त्यांना अवगत होती.

म्हणून चित्रपट मुलांना दाखवू नये असे म्हणणारे काही श्रावक भेटतात. हा आक्षेप टिकणारा नाही. साको यांनी वाल्मीकींची परंपरा निवडली आणि तिच्याशी ते प्रामाणिक राहिले. आपली कथा आपण सांगितली नाही याचा दोष त्यांच्या खाती टाकता येत नाही. ज्या घरात हेमचंद्राचार्यांच्या ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रा’चे सातवे पर्व कपाटात बंद आहे आणि नातवाला कुंभकर्णाचा केवळ जपानी आकार ठाऊक आहे, तेथे बाकी कोणाकडे निघते हे खतावणी उघडल्यावर कळेल. शिवाय हा चित्रपट पाहिलेल्या मुलाला ‘आपल्याकडे कुंभकर्ण मरत नाही’ एवढेच वाक्य सांगून पाहावे. कोरड्या उपदेशाला न बसणारे मूल पुढचे ऐकायला आपण होऊन बसते, कारण त्याच्या डोळ्यांपुढे आता एक प्रचंड आकृती उभी असते आणि तिचे पुढे काय झाले हे त्याला हवे असते.

गुण द्यायचेच तर दहापैकी चित्राला नऊ, ध्वनीला सात आणि कथेला सहा द्यावेत. सात वर्षांखालील मुलांना युद्धाचा उत्तरार्ध दाखवण्याची घाई करू नये. सेतुबंधनापर्यंत थांबले तरी चालते. मोठ्या मुलांबरोबर पाहताना मध्ये बोलू नये, सूचना तर मुळीच देऊ नयेत. आणि शक्य असेल तेथे चूलगिरीची यात्रा चित्रपटानंतर ठेवावी, आधी नव्हे. बावनगजाच्या पायऱ्या चढताना मूल स्वतःच विचारील की एवढा मोठा कुंभकर्ण या डोंगरावर ध्यानाला बसला कसा असेल.