जाहीर आवाहन : आरोग्याच्या एका ठरावासाठी ग्रामसभेला या

दिग्गी आणि आसपासच्या सर्व वाड्यांतील ग्रामस्थ बंधुभगिनींनो,



पावसाळ्यात रानातल्या वाडीवरून आजारी माणूस कसा बाहेर काढावा लागतो, हे तुम्हाला सांगायला नको. खुर्ची बांबूंना बांधायची, वर प्लॅस्टिक धरायचं, चौघांनी ती उचलायची आणि ओढ्याचं पाणी उतरण्याची वाट बघायची. १०८ला फोन करायचा तर आधी नेटवर्क मिळेल अशी टेकडी गाठायची. हे नशिबाचे भोग नाहीत. ते संपवता येतात; त्यासाठी आपण एकजुटीने राजकारण केलं पाहिजे.

निवडणूक आली की दुर्गम गावांत बहिष्काराची भाषा सुरू होते. संताप खरा असतो, पण मतच न देणाऱ्या गावाकडे पुढची पाच वर्षं कोण बघणार? हल्याळ मतदारसंघात आपली मतं मूठभर. तीही पक्षापक्षांत विखुरली, तर आपली मागणी कोणाच्याच कानावर जात नाही.

२० जुलै २०२२ रोजी होन्नावरहून रुग्णाला घेऊन निघालेली रुग्णवाहिका शिरूरच्या टोलनाक्यावर उलटली आणि चौघांचा जीव गेला. त्यानंतर सुसज्ज इस्पितळासाठी सगळा उत्तर कन्नड जिल्हा एका आवाजात बोलला, तेव्हा सरकारला आश्वासन द्यावंच लागलं. पण आश्वासन पदरात पाडून घ्यायचं तर मागे लागणारी माणसं गावोगावी लागतात. महाराष्ट्रात २००७पासून अनेक गावांनी सरकारी दवाखान्यांवर लोकांची देखरेख ठेवली आणि जनसुनावणीत अधिकाऱ्यांना समोरासमोर जाब विचारला. ते आपल्यालाही जमेल.

दवाखाना किंवा रस्ता मागितला की ‘लोकसंख्या कमी’ आणि ‘जंगलाची जमीन’ ही दोन उत्तरं आपल्याला नेहमी ऐकावी लागतात. पहिल्याला उत्तर असं : डोंगरी भागात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र हा निकष आहेच, शिवाय पायी अर्ध्या तासाच्या आत उपकेंद्र असावं, हेही राष्ट्रीय आरोग्य अभियानाने मान्य केलं आहे. दुसऱ्याला उत्तर २००६च्या वनहक्क कायद्यात आहे. कलम ३(२)नुसार दवाखाना, रस्ता, वीज आणि दूरसंचाराच्या तारा यांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. अट अशी की हेक्टरी ७५पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. म्हणजे सुरुवात आपल्याच हातात आहे.

म्हणून आमची विनंती :

१. येत्या ग्रामसभेला घरटी किमान एक बाई आणि एक पुरुष यावेत. बाळंतपणाचे हाल बायकांनीच सांगावेत.

२. ठराव एकच करावा : नर्ससह चालू उपकेंद्र, बारमाही रस्ता आणि फोनचं नेटवर्क. चर्चा आपल्या भाषेत करू, पण ठराव कानडीत लिहून पंचायत विकास अधिकारी (पीडीओ), तालुका आरोग्य अधिकारी, वनखातं आणि कारवारच्या जिल्हाधिकाऱ्यांना देऊ. प्रत्येक ठिकाणी शिक्क्याची पोच घेऊ.

३. आशाताई, तरुण आणि जाणती माणसं मिळून पाठपुरावा समिती नेमावी. तिने दर महिन्याला गावापुढे हिशेब मांडावा.

४. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराची, तो कोणत्याही पक्षाचा असो, या ठरावावर सही घ्यावी. शेजारच्या गावांनाही सोबत घ्यावं.

पुढारी बाहेरून येण्याची वाट आपण फार पाहिली. आता पुढे व्हायचं ते आपणच. ग्रामसभेला या, बोला आणि ठरावावर सही करा.

आपले,
दिग्गी परिसरातील ग्रामस्थ