नकाशांची कुलपे

दरवर्षी पावसाळा जवळ आला की सह्याद्रीच्या कुशीतील जिल्ह्यांत दरडप्रवण गावांच्या याद्या नव्याने चाळल्या जातात, तहसीलदारांना सूचना जातात आणि बैठका होतात. हा सारा उपचार निरर्थक आहे असे कोणी म्हणणार नाही. तथापि १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली, २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे बेपत्ता म्हणून नोंदली गेली, तेव्हा ही वाडी धोक्याच्या यादीत नव्हतीच, असे राज्य सरकारलाच सांगावे लागले. त्यापूर्वी ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण आणि २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये या गावांनी अशाच आपत्तीची किंमत मोजली होती. यादी करणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो असा की, यादी करणाऱ्यापुढे कोणती माहिती होती, कोणती असू शकली असती, आणि या दोहोंमध्ये अंतर का पडले?

डोंगराच्या एका उताराविषयी सरकारजवळ किती प्रकारची माहिती असते, याचा विचार केला म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते. पाऊस किती पडला हे हवामान खाते जाणते. खडक आणि माती कशी आहे, हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभाग सांगतो. उताराचा चढ डेहराडूनच्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरील समोच्च रेषा दाखवितात. झाडोऱ्याची नोंद वन खात्याकडे, नव्याने खोदलेल्या रस्त्याची नोंद बांधकाम खात्याकडे, जमिनीच्या मालकीची भूमि अभिलेख कार्यालयाकडे, माणसांची जनगणना खात्याकडे आणि उपग्रहाने टिपलेली चित्रे नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडे. यांपैकी एकटी कोणतीही नोंद धोका सांगू शकत नाही. तीव्र उतार, मुरलेले पाणी, सुटी माती आणि खाली झोपलेली माणसे ही चारही एकाच नकाशावर एकमेकांवर ठेवली, तरच धोका दिसतो. त्या एकत्र ठेवण्याची सोय करणे यालाच आज भौगोलिक माहितीची पायाभूत व्यवस्था असे म्हणतात. नाव अवजड आहे. परंतु कल्पना ग्रंथालयाच्या सूचीइतकी साधी आहे.

ज्या ग्रंथालयात पन्नास हजार ग्रंथ आहेत पण सूची नाही, ते ग्रंथालय नव्हे, गोदाम होय. ग्रंथ तेथे असतो, पण वाचकाला सापडत नाही. आणि न सापडणारा ग्रंथ वाचकाच्या दृष्टीने नसल्यासारखाच. नकाशांचे नेमके हेच झाले आहे. नकाशा कोणी केला, कोणत्या वर्षी केला, कोणत्या प्रमाणावर केला, त्यात किती मीटरची चूक संभवते आणि तो कोणाकडे मागावा, एवढी पाच उत्तरे प्रत्येक नकाशासोबत नोंदविलेली असली पाहिजेत. तंत्रज्ञ तिला ‘मेटाडेटा’ म्हणतात. सोप्या मराठीत ती माहितीविषयीची माहिती. ही नोंद नसेल, तर दहा वर्षांपूर्वीचा नकाशा आजचा म्हणून वापरला जातो आणि ढोबळ नकाशा काटेकोर समजला जातो.

प्रमाणाचे महत्त्व एका उदाहरणाने पटेल. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ पासून दरडींच्या शक्यतेचे जे राष्ट्रव्यापी नकाशे तयार केले, ते पन्नास हजारास एक या प्रमाणाचे आहेत. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर पाचशे मीटर. शंभर मीटरमध्ये सामावणारी एखादी वाडी अशा नकाशावर अवघी दोन मिलिमीटर भरते. मोठ्या प्रदेशाचे चित्र समजण्यासाठी हे नकाशे मोलाचे आहेत. पण वाडी वाचवायची तर त्यांच्या जोडीला अधिक बारकाईचा उतारदर्शक नकाशा आणि घरांची नोंद लागते. त्यात आणखी एक अडचण अशी की, सरकारी नोंदींचे एकक बहुधा महसुली गाव हे असते. डोंगरावरच्या वाड्या आणि पाडे त्या गावाच्या नावात विरघळून जातात. आदिवासी आणि धनगर समाजाच्या कितीतरी वस्त्यांना माणसे आहेत, मतदार आहेत, पण नकाशावर स्वतःचा ठिपका नाही. जे नकाशावर नाही, ते यादीत कसे येणार?

नावांचा घोळही किरकोळ नव्हे. एकाच जिल्ह्यात वडगाव किंवा पिंपळगाव या नावाची अनेक गावे असतात; एक खाते ‘बुद्रुक’ लिहिते, दुसरे ते गाळते, तिसरे रोमन लिपीत निराळेच रूप देते. माणूस संदर्भाने गाव ओळखतो. यंत्र ओळखत नाही. त्याला प्रत्येक गावासाठी सर्व खात्यांनी मानलेला एकच क्रमांक लागतो. जागेच्या मोजमापाचेही तसेच आहे. भारताचे जुने नकाशे पृथ्वीच्या आकाराविषयीच्या एव्हरेस्टच्या गणितावर आधारलेले, तर आजची उपग्रहाधारित साधने जागतिक पद्धतीवर चालणारी. रूपांतर न करता दोन्ही एकावर एक ठेवले, तर तेच घर दोन वेगळ्या जागी पडते. कड्याच्या काठावर एवढी चूकही निर्णय फिरवू शकते.

हे सारे ज्या देशात घडते, त्या देशाला मोजणीची परंपरा नाही असे मात्र नाही. सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ ची. १८०२ मध्ये लॅम्टन याने मद्रासजवळ पायाभूत रेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला आणि पुढे एव्हरेस्टने ते हिमालयापर्यंत नेले. महाराष्ट्रात १८३० च्या दशकात इंदापूरपासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी महसुली मोजणीची पद्धत घातली; ३३ फुटांची साखळी आणि ३३ फूट चौरसाचा गुंठा हा तिचा वारसा सात-बाराच्या उताऱ्यावर आजही नांदतो आहे. परंतु त्या मोजणीचा हेतू राज्यकर्त्याचा होता: सैन्य हलवावे, सारा वसूल करावा. नकाशा ही प्रजेला देण्याची वस्तू नव्हती. स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, पण कपाटाचे कुलूप राहिले. सीमा आणि किनारपट्टी यांलगतच्या रुंद पट्ट्यांचे तपशीलवार नकाशे सामान्य नागरिकाला दीर्घकाळ निषिद्ध होते. त्यामुळे कोकणातल्या भूगोलाच्या शिक्षकाला स्वतःच्या तालुक्याचा नकाशा वर्गात उघडणे दुरापास्त होते.

अन्य देशांनी हे कुलूप काढताना काय केले, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांनी ११ एप्रिल १९९४ रोजी काढलेल्या आदेशाने तेथील राष्ट्रीय व्यवस्थेचा पाया घातला. त्या आदेशातले एक कलम मोठे मार्मिक होते: कोणत्याही खात्याने नव्या सर्वेक्षणावर पैसा खर्च करण्यापूर्वी, हवी ती माहिती दुसऱ्या खात्याकडे आधीच आहे काय, हे सामाईक सूचीत पाहावे. युरोपीय संघाने २००७ मध्ये याच हेतूने सदस्य राष्ट्रांसाठी निर्देश काढला आणि भूखंडांपासून नैसर्गिक आपत्तिक्षेत्रांपर्यंत ३४ विषयांची माहिती एकाच रीतीने मांडण्याचे बंधन घातले. कारण नदीचा पूर सीमेवर थांबत नाही. लँडसॅट उपग्रहांचा अनुभव तर अधिकच बोलका आहे. या उपग्रहांची चित्रे विकली जात होती, तेव्हा सर्वांत भरभराटीच्या वर्षी त्यांचा खप सुमारे २५ हजारांचा होता. २००८ मध्ये ती विनामूल्य झाली आणि लवकरच वर्षाला दहा लाखांहून अधिक चित्रे नेली जाऊ लागली. चित्रे तीच होती. बदलली ती फक्त दाराची कडी.

भारतातही धोरणांचा तुटवडा नाही. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी एक आणि जनतेसाठी एक अशा दोन नकाशामाला मान्य केल्या. २००६ मध्ये राष्ट्रीय भौगोलिक माहिती व्यवस्थेला केंद्र सरकारने औपचारिक रूप दिले. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय नागरिक आणि संस्था यांच्यावरील पूर्वपरवान्यांची बंधने काढली आणि डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय धोरणाने २०३० पर्यंत देशाचे उच्च अचूकतेचे उंचीदर्शक प्रारूप, डोंगराळ भागात १ ते ३ मीटर इतक्या बारकाईचे, तयार करण्याचे उद्दिष्ट ठेवले. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु धोरण आणि व्यवहार यांच्यामध्ये कचेरी नावाची एक जागा असते, आणि आजवरची सर्वांत मोठी अडचण तेथेच आहे. माहिती दिल्याबद्दल कोणा अधिकाऱ्याची प्रशंसा होत नाही. दिलेल्या माहितीत चूक निघाली तर मात्र जाब विचारला जातो. अशा स्थितीत ‘वरून आदेश आल्यावर पाहू’ हेच शहाणपण ठरते.

माहिती लपविण्यात किती नुकसान होते, याचे उदाहरण पश्चिम घाटाच्याच इतिहासात आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने घाटाचे सुमारे ९ किलोमीटर चौरसाचे चौकोन पाडून कोणता भाग किती संवेदनशील आहे, हे मांडले आणि ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल सादर केला. तो लोकांपुढे आला २०१२ च्या मे महिन्यात, तोही केंद्रीय माहिती आयोग आणि दिल्ली उच्च न्यायालय यांनी बजावल्यावर. मधल्या काळात अफवांना मोकळे रान मिळाले. ज्यांच्या गावाविषयी तो अहवाल होता, त्यांनी तो वाचण्यापूर्वीच त्याला विरोध करण्यास शिकविले गेले. अहवालातील शिफारशी कोणाला पटोत वा न पटोत. पण नकाशा समोर ठेवून झालेला वाद आणि नकाशा झाकून झालेला वाद, यांतला फरक लोकशाहीत नगण्य नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला राष्ट्राच्या सुरक्षेचा. लष्करी ठाण्यांचे तपशील उघड करावेत असे कोणी म्हणत नाही. तेवढे वगळण्याची तरतूद सर्वत्र असते. परंतु २००५ पासून परदेशी कंपन्यांनी उपग्रहांची चित्रे साऱ्या जगाच्या पडद्यावर आणून ठेवली असताना, डोंगरउताराचा नकाशा आपल्याच ग्रामपंचायतीपासून राखण्यात सुरक्षा कोणती? दुसरा आक्षेप खासगी आयुष्याचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. कोणाची जमीन किती आणि कोणावर कर्ज किती, हे बाजाराच्या हाती सोपविले तर दुर्बलाचीच जमीन आधी जाईल. म्हणून व्यक्तीची माहिती आणि भूमीची माहिती यांत सीमा आखली पाहिजे. परंतु उतार, पाऊस, नाले आणि खडक ही कोणाची खासगी बाब नव्हे.

राज्य सरकारने करण्यासारख्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. प्रत्येक खात्याने आपल्याजवळच्या नकाशांची सूची मराठीत प्रसिद्ध करावी. सूची आधी, नकाशे मागाहून आले तरी चालतील. वाड्या-पाड्यांना स्वतःचा क्रमांक आणि नकाशावर स्वतःचा ठिपका मिळावा. आधीची सूची पाहिल्याचा दाखला जोडल्याखेरीज नव्या सर्वेक्षणाला मंजुरी देऊ नये. दरडप्रवण गावांची यादी ज्या नकाशांवरून केली, ते नकाशे यादीबरोबरच ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावेत, म्हणजे ‘आमची वाडी यात का नाही’ असे विचारण्याची सोय गावकऱ्याला राहील. ओढ्याने वाट कधी बदलली आणि कोणत्या शेतात भेग पडली, हे उपग्रहाआधी त्यालाच ठाऊक असते. शाळांतील भूगोलाच्या तासाला आपल्याच गावाचा नकाशा उघडला गेला, तर चुका दाखविणारे डोळेही तयार होतील. या कामाचा खरा भार मंत्र्यांवर नसून नोंद करणाऱ्या कारकुनावर आहे. त्याने लिहिलेले वर्ष, प्रमाण आणि गावाचा क्रमांक बरोबर असेल, तर त्यावर उभे राहणारे सारे यंत्र चालेल. नसेल तर कोट्यवधींची यंत्रणाही दिशाभूलच करील.

हे नकाशे जनतेच्या पैशाने झाले आहेत. ते कपाटात सुरक्षित राहिले आणि डोंगराखालची माणसे असुरक्षित राहिली, तर त्या सुरक्षिततेला अर्थ नाही. कुलपे काढण्यास कायदा आड येत नाही, तंत्र आड येत नाही आणि पैसाही फारसा आड येत नाही. आड येते ती फक्त सवय. आणि सवयीची किंमत दरडीखालच्या माणसांनी मोजावी, हे कोणत्याही लोकाभिमुख सरकारला शोभणारे नाही.