विश्लेषण : कारखान्यात शिकवणाऱ्यांसाठी ऑनलाइन प्रमाणपत्र, चाकण-भोसरीत उपयोग किती?

भोसरी, चाकण, तळेगाव पट्ट्यातील अनेक वाहन कारखान्यांत नवा कामगार थेट लाइनवर जात नाही, आधी ‘डोजो’त जातो. डोजो म्हणजे कारखान्यातलीच प्रशिक्षणाची खोली. शब्द जपानी, पण इथल्या डिप्लोमाधारकांच्या तोंडी तो केव्हाच रुळला. या खोलीत शिकवणारा बहुतेक वेळा पेशाने शिक्षक नसतो. लाइनवर काही वर्षे काढलेला सुपरवायझर किंवा क्वालिटी विभागातील इंजिनीअर असतो. काम उत्तम येते, पण ते दुसऱ्याला कसे शिकवायचे हे त्याला कुणी शिकवलेले नसते. ‘इन्स्ट्रक्शनल टेक्नॉलॉजी’, ‘इन्स्ट्रक्शनल डिझाइन’ अशा नावांची ऑनलाइन प्रमाणपत्रे नेमके हेच शिकवतो असे सांगतात. त्यातली कोणती घ्यावीत, कोणती टाळावीत आणि त्यांचा शॉप फ्लोअरवर उपयोग काय?

हा विषय नेमका काय?

नावात टेक्नॉलॉजी असली तरी विषय सॉफ्टवेअरचा नाही. समजा, एका स्टेशनवर टॉर्क गनने चार बोल्ट ठरावीक क्रमाने आवळायचे आहेत. नेहमीच्या पद्धतीत प्रशिक्षक चाळीस स्लाइडचे पीपीटी दाखवतो, शेवटी सही घेतो आणि कामगार ‘प्रशिक्षित’ ठरतो. इन्स्ट्रक्शनल डिझाइन शिकलेला माणूस सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करतो. प्रशिक्षणानंतर कामगाराने काय करून दाखवले पाहिजे? तो कुठे चुकतो, क्रमात की गन तिरकी धरण्यात? चूक माहितीच्या अभावी होते की सरावाच्या? कदाचित चूक प्रशिक्षणाची नसतेच. बोल्टचा ट्रे चुकीच्या बाजूला ठेवलेला असतो आणि तो हलवला की प्रश्न संपतो. उत्तर मिळाल्यावरच व्हिडिओ, तक्ता की प्रत्यक्ष सराव हे ठरते.

विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन या पाच पायऱ्यांची ‘अ‍ॅडी’ पद्धत या क्षेत्राचा कणा मानली जाते. तिचे मूळ १९७५ मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने अमेरिकी लष्करासाठी केलेल्या कामात आहे. कारखान्यांचा वारसा त्याहून जुना. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने नवख्या कामगारांना झटपट तयार करण्यासाठी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा कार्यक्रम राबवला. कामगाराची तयारी करून घेणे, काम दाखवणे, त्याच्याकडून करवून घेणे आणि नंतर पाठपुरावा, या त्याच्या चार पायऱ्या. युद्धानंतर तो जपानला गेला आणि तिथल्या वाहन उद्योगाच्या कार्यपद्धतीत मिसळला. म्हणजे चाकणमधील डोजोत जे चालते त्याचे मूळ आणि या ऑनलाइन अभ्यासक्रमांचे मूळ फार लांबचे नाही.

या पट्ट्यात त्याची गरज का?

एक कारण बदलते उत्पादन. आकुर्डीत जिथे पूर्वी चेतक स्कूटर तयार होत असे, तिथे बजाजने २०२२ मध्ये विजेवरच्या दुचाकींचा कारखाना सुरू केला. तळेगावात जनरल मोटर्सने डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबवले आणि पुढे तो कारखाना ह्युंदाईकडे गेला. इंजिन जोडणाऱ्या हातांना बॅटरी पॅक, उच्च दाबाची वायरिंग हाताळायला शिकवणे हे जुन्या स्लाइडवर तारीख बदलून होण्यासारखे काम नाही.

दुसरे कारण कंत्राटी कामगार. वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्यांसाठी ‘आयएटीएफ १६९४९’ हे गुणवत्तेचे मानक आहे. गुणवत्तेवर परिणाम करणारी नवी किंवा बदललेली जबाबदारी मिळालेल्या प्रत्येकाला प्रत्यक्ष कामावर प्रशिक्षण द्यावे, असे ते सांगते आणि त्यात कंत्राटी व एजन्सीमार्फत आलेल्या कामगारांचा स्पष्ट उल्लेख आहे. ऑडिटच्या दिवशी फाइल भरलेली असते. पण मराठवाडा, विदर्भ, बिहारमधून आलेल्या आणि काही महिन्यांत बदलणाऱ्या मुलांना इंग्रजी कार्यसूचना कितपत कळते, हे फाइल सांगत नाही.

तिसरे कारण सर्वांत गंभीर. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीतील अपघातांवर अहवाल काढते. पॉवर प्रेसवर बोटे गमावणारे कामगार हा त्यांचा मध्यवर्ती विषय आहे. सुरक्षा गार्ड नसलेल्या मशीनचा दोष प्रशिक्षणावर ढकलता येणार नाही. तरी हेल्पर म्हणून भरती झालेल्याला न शिकवता प्रेसवर उभे केले जाते, तेव्हा वाईट प्रशिक्षण हा फक्त कागदाचा प्रश्न राहत नाही.

‘ग्रॅज्युएट सर्टिफिकेट’ म्हणजे पदवी का?

नाही, आणि इथेच अनेकांची गल्लत होते. अमेरिकेत ‘ग्रॅज्युएट’ म्हणजे पदवीनंतरचे शिक्षण. ग्रॅज्युएट सर्टिफिकेट हे साधारण १२ ते १८ क्रेडिटचे, मास्टर्सपेक्षा लहान प्रमाणपत्र. त्याला पदवी लागते. ते घेऊन पदवीधर होता येत नाही. भारतात त्याच्या सर्वांत जवळचा प्रकार म्हणजे पदव्युत्तर पदविका. ‘इग्नू’ची शैक्षणिक तंत्रज्ञानातील पदव्युत्तर पदविका दूरशिक्षणाने करता येते. मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. आयआयटी मुंबईत २०१० पासून शैक्षणिक तंत्रज्ञानात संशोधन चालते.

यात एक अडचण आहे आणि जाहिराती ती सहसा सांगत नाहीत. डोजो चालवणारे बरेच जण पॉलिटेक्निकचे डिप्लोमाधारक आहेत. पदवी नसेल तर पदव्युत्तर पदविकेचा दरवाजा बंद. त्यांच्यासाठी ‘स्वयम्’ आणि ‘एनपीटेल’ हा खुला मार्ग आहे. तिथे नोंदणी आणि शिकणे मोफत, परीक्षेचे शुल्क हजार रुपयांच्या आसपास आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. एनपीटेलच्या प्रमाणपत्रात ७५ टक्के भार या परीक्षेचा आणि २५ टक्के असाइनमेंटचा असतो. घरबसल्या क्लिक करून मिळणाऱ्या प्रमाणपत्रापेक्षा त्याचे वजन जास्त, ते यामुळेच. मात्र एखादा अभ्यासक्रम प्रत्येक सत्रात असेलच असे नाही, यादी पाहूनच नियोजन करावे.

अभियांत्रिकी महाविद्यालयातील नव्या प्राध्यापकांसाठी चित्र वेगळे आहे. एआयसीटीईने त्यांच्यासाठी आठ मोड्यूलचा ऑनलाइन कार्यक्रम आखला आहे. अध्यापनाचे नियोजन, तंत्रज्ञानाच्या मदतीने शिकवणे, विद्यार्थ्यांचे मूल्यमापन हे विषय त्यात आहेत. पिंपरी-चिंचवडमधील महाविद्यालयांत नोकरी धरणाऱ्याने खासगी कोर्सला पैसे भरण्याआधी हा पाहावा. आयटीआयच्या निदेशकांसाठी ‘सीआयटीएस’ हे केंद्राचे वर्षभराचे प्रशिक्षण आहे. कोणतेही ऑनलाइन प्रमाणपत्र त्याची जागा घेत नाही. कारखान्यातील प्रशिक्षकाला मात्र कायद्याने असे काहीच लागत नाही. त्यामुळे त्याने कागदापेक्षा कौशल्याकडे पाहून निवड केलेली बरी.

मान्यता कशी तपासायची?

दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी यूजीसीचे २०२० चे नियम लागू आहेत. मान्यताप्राप्त विद्यापीठाने यूजीसीच्या परवानगीने ऑनलाइन दिलेली पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानली जाईल, असे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. पण विद्यापीठ मान्यताप्राप्त असणे पुरेसे नाही. तो विशिष्ट अभ्यासक्रम, त्या विशिष्ट वर्षासाठी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत असावा लागतो. परदेशी विद्यापीठाच्या नावाने एडटेक कंपन्या विकत असलेल्या ऑनलाइन पदव्यांबाबत यूजीसीने २०२२ आणि २०२३ मध्ये जाहीर इशारे दिले होते. विद्यापीठाचा लोगो कंपनीच्या वेबसाइटवर असणे आणि प्रमाणपत्रावर विद्यापीठाची सही असणे यात फरक आहे. पैसे भरण्याआधी प्रमाणपत्राचा नमुना मागावा. देत नसतील तर उत्तर मिळालेच.

शिफ्ट सांभाळून वेळ किती लागेल?

राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार भारतात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. एनपीटेलचा १२ आठवड्यांचा कोर्स तीन क्रेडिटचा, म्हणजे साधारण ९० तासांचा, आठवड्याला साडेसात तास. अमेरिकी क्रेडिट मोठे असते. वर्गातील वेळ आणि घरचा अभ्यास धरून सुमारे ४५ तास. म्हणजे १२ क्रेडिटच्या प्रमाणपत्राला ५४० तास. आठवड्याला १० तास काढले तरी वर्ष उलटते. पाळी दर आठवड्याला बदलणाऱ्या आणि पुणे-नाशिक महामार्गावरच्या कोंडीत रोज अडकणाऱ्या माणसासाठी हे १० तास सोपे नाहीत. म्हणून आधी एखादा ९० तासांचा कोर्स पूर्ण करून पाहावा आणि तो झेपला तरच मोठ्या रकमेचा किंवा ईएमआयचा विचार करावा.

प्रोजेक्ट कशावर करायचा?

चांगल्या अभ्यासक्रमात शेवटी स्वतः बनवलेले प्रशिक्षण सादर करावे लागते आणि मुलाखतीत विचारले जाते तेही याच्याबद्दलच. अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजण्याच्या चार पातळ्या मांडल्या : शिकणाऱ्याला ते आवडले का, तो शिकला का, कामावर तसे वागतो का आणि त्याने निकालात फरक पडला का. ऑनलाइन कोर्सचा प्रोजेक्ट बहुधा पहिल्या दोनवर थांबतो. कारखान्यात काम करणाऱ्याकडे उरलेल्या दोन मोजण्याची संधी असते, कारण रिजेक्शनचे आकडे आणि रीवर्कची नोंद त्याच्या समोर असते.

पण अनेक कारखान्यांत शॉप फ्लोअरवर मोबाइल नेता येत नाही आणि लाइनचा व्हिडिओ, ग्राहकाचे ड्रॉइंग किंवा दोषांचे आकडे बाहेर देणे हा कराराचा भंग ठरतो. परवानगीशिवाय ते एखाद्या परदेशी प्लॅटफॉर्मवर चढवले तर प्रमाणपत्र मिळेल, पण नोकरी धोक्यात येईल. त्यामुळे प्रोजेक्टसाठी कोणत्याही कंपनीचे गुपित नसलेला विषय घेणे सोयीचे : व्हर्नियर कॅलिपर वाचणे, अग्निशामक वापरणे, टॉर्क रेंचचे कॅलिब्रेशन लेबल तपासणे. तोच धडा मराठी आणि हिंदीत, वाचता न येणाऱ्यालाही चित्रांवरून कळेल असा करून डोजोतल्या पुढच्या बॅचवर वापरता येतो. लाइनवरचे आकडे कंपनीच्या आतच ठेवून वरिष्ठांना दाखवता येतात. त्यासाठी एचआर किंवा प्रशिक्षण विभागाची लेखी परवानगी कोर्सच्या पहिल्याच आठवड्यात मागून ठेवावी. शेवटच्या आठवड्यात ती मिळेलच असे नाही.